सदतीस शतांश माणूस

कंपनीच्या बजेटचे आकडे मी सांभाळतो, आणि बजेटच्या हंगामात फोन वाजला की समोरचं माणूस रागावलंय की थकलंय, हे पहिल्या 'हॅलो'वरच कळतं. त्या दिवशीचा फोन दोन्हींत बसत नव्हता. देखभाल विभागाच्या प्रमुख बाई बोलत होत्या. वयानं आणि नोकरीनंही माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. त्यांचा आवाज कधी चढत नाही, आणि म्हणूनच त्यांचा फोन आला की मी खुर्चीत सरळ होऊन बसतो. "अहो, माझ्याकडे अकरा माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या स्क्रीनवर अकरा पूर्णांक सदतीस दिसतायत. अकरांना मी ओळखते. हा उरलेला सदतीस शतांश कोण, तेवढं सांगा, म्हणजे त्याचीही पाळी लावता येईल." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "आकडा टाकला कोणी?" मी सवयीनं म्हणालो, "सिस्टीमनं." पलीकडे क्षणभर काहीच नाही, आणि मग अगदी सौजन्यानं, "बरं. मग सिस्टीमचा एक्स्टेन्शन नंबर द्या. तिच्याशीच बोलते."

फोन ठेवून मी तो रकाना उघडला. उत्तर साध्या त्रैराशिकाचं होतं. गेल्या वर्षी कंपनीत एकूण ४२० जागा मंजूर होत्या, यंदा वरून आकडा आला ४३४. तो मी 'एकूण'च्या रकान्यात टाकला होता, वाटणी 'गेल्या वर्षीच्या प्रमाणात' अशी निवडली होती आणि एंटर दाबलं होतं. अकराला ४३४ नं गुणा, ४२० नं भागा, ११.३७ येतात. कुणाचं काही चुकलेलं नव्हतं. सॉफ्टवेअरनं सांगितलं तेच केलं होतं, मीही सांगितलं तेच केलं होतं. बदलांची नोंद उघडली, तर प्रत्येक विभागाच्या प्रत्येक महिन्यासमोर एकच वेळ, सेकंदापर्यंत तीच, आणि एकच युझर आयडी: माझा. तटस्थ माणसानं ती नोंद वाचली, तर त्याचा समज होईल की त्या एका सेकंदात मी देखभाल, गोदाम, विक्री, वसुली अशा सगळ्यांच्या मनुष्यबळाचा फैसला करून टाकला. मी केला नव्हता. वरच्यांनीही केला नव्हता, त्यांनी फक्त बेरीज सांगितली होती.

बेरजेत चौदा नवी माणसं होती. खाली बहुतेक ठिकाणी त्यांचे तुकडे पोचले होते.

मग उगाच कागदावर आणखी थोडं गणित केलं. ४२० वर १४ म्हणजे तीसामागे एक. विक्रीत ९६ माणसं, त्यांच्या वाट्याला ३.२, म्हणजे तीन तर नक्की घेता येतील. पण ज्या विभागात तीसपेक्षा कमी माणसं आहेत, त्याला अख्खं माणूस मिळणं या हिशेबात शक्यच नव्हतं. यंदा नाही, पुढच्या वर्षी तीच टक्केवारी आली तर तेव्हाही नाही. आणि आमच्याकडे निम्म्याहून जास्त विभाग असे. छोट्या विभागांना काही द्यायचं नाही, असं कुठल्याही बैठकीत ठरलं नव्हतं. कुणी म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. न म्हणता झालं म्हणून झालं.

त्या एंटरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यात एक सुख आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बेरजेवर आकडा टाकता येतो. वाचायला हे साधं वाटतं. पण ज्यानं आयुष्यभर स्प्रेडशीट वापरलीय, त्याला विचारा. तिथं बेरीज खालच्या रकान्यांची मिंधी असते. वर काही टाकायला गेलात, तर आतलं सूत्र पुसलं जातं आणि महिन्याभरानं कुणीतरी विचारतं की खालचे आकडे बदलले तरी बेरीज का हलत नाही. इकडे तसं नाही. इकडे बेरजेवर क्लिक करायचं, नवा आकडा लिहायचा, समान वाटायचा की प्रमाणात वाटायचा ते निवडायचं, आणि तो आकडा विभागांत, खात्यांत, महिन्यांत झिरपत तळाच्या शेवटच्या रकान्यापर्यंत जातो. काही रकाने 'धरून ठेव' म्हणून बाजूला ठेवता येतात, मग उरलेल्यांवर भार पडतो. रात्री उशिरा, मजल्यावरचे अर्धे दिवे मालवलेले, डोळे चुरचुरतायत, आणि तुम्ही एका आकड्यानं हजारो रकाने हलवता. पडद्यावर सगळं एका झटक्यात बदलतं. त्या क्षणी माणसाला स्वतःबद्दल जरा जास्तच बरं वाटतं.

स्प्रेडशीटची मूळ कल्पना मात्र उलट्या दिशेची होती. १९७८ मध्ये डॅन ब्रिकलिन हा तरुण हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. तिथले प्राध्यापक फळ्यावर आर्थिक आराखडा मांडायचे, आणि एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे सगळे पुसून पुन्हा लिहायचे. फळा स्वतःच स्वतःला दुरुस्त करू शकला तर, हे त्याच्या डोक्यात आलं. बॉब फ्रँकस्टनला सोबत घेऊन त्यानं १९७९ मध्ये अ‍ॅपल टू या संगणकासाठी 'व्हिसिकॅल्क' ही स्प्रेडशीट आणली. ६३ स्तंभ, २५४ ओळी. आजच्या हिशेबानं एवढुसं घर, पण पहिल्यांदाच हिशेबाच्या माणसाला 'समजा असं झालं तर' हा प्रश्न एकट्यानं, कुणाची परवानगी न घेता, पुन्हापुन्हा विचारता यायला लागला. माझं त्यातलं आवडतं म्हणजे स्प्रेडशीटची नम्रता. खाली काही बदललं म्हणून वर काही बदलायचं. बेरीज म्हणजे परिणाम, हुकूम नव्हे. पुढे १९८३ मध्ये लोटस वन-टू-थ्री आलं, १९८५ मध्ये मॅकवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर एक्सेल आलं, तरी ही दिशा तशीच राहिली.

दिशा बदलली ती कंपन्या मोठ्या होत्या म्हणून. एकट्यानं मांडलेलं गणित आणि तीनशे विभागांनी मिळून भरायचं बजेट, या दोन जातीच वेगळ्या. जेम्स मॅकिन्झी हे हिशेबशास्त्राचे प्राध्यापक, ज्यांच्या नावाची सल्लागार कंपनी नंतर जगभर गेली, त्यांनी १९२२ मध्येच अंदाजपत्रकाच्या आधारे उद्योगावर नियंत्रण कसं ठेवायचं यावर जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे ही भूक संगणकाच्या कितीतरी आधीची. १९६१ मध्ये रिचर्ड मॅटेसिच यांनी बजेटचं गणिती प्रारूप संगणकावर चालवण्याबद्दल लिहिलं, तेव्हा व्हिसिकॅल्कला अजून अठरा वर्षं होती. मग आकडे सपाट तक्त्यातून उचलून घनात ठेवायची कल्पना आली: एक बाजू खात्यांची, एक विभागांची, एक महिन्यांची, शिवाय उत्पादनं, शिवाय व्हर्जन (मूळ बजेट, सुधारित बजेट वगैरे). मॅनी पेरेझचं टीएम-वन हे असं घनाचं सॉफ्टवेअर १९८० च्या दशकात आलं, एसबेस १९९२ मध्ये. एसबेस हे 'एक्स्टेंडेड स्प्रेडशीट डेटाबेस'चं लघुरूप आहे. नावातच स्प्रेडशीटला धरून राहायची धडपड दिसते. पुढच्याच वर्षी रिलेशनल डेटाबेसचे जनक एडगर कॉड यांनी या सगळ्या प्रकाराला ओलॅप (ऑनलाइन अ‍ॅनालिटिकल प्रोसेसिंग) असं नाव देऊन त्याचे बारा नियम मांडले, आणि त्या लेखासाठी एसबेस बनवणाऱ्या कंपनीनेच पैसे मोजले होते हे बाहेर आल्यावर बरीच ओरड झाली. आमच्या क्षेत्राचं बारसं असं जाहिरातीच्या खर्चानं झालंय. खर्च कुठल्या खात्यात टाकला असेल, हा धंदेवाईक प्रश्न मला दर वेळी पडतो.

घन म्हटलं की भरगच्च ठोकळा डोळ्यांपुढे येतो. खरं तर तो जवळजवळ रिकामाच असतो. २०० खाती, ३०० विभाग, ४० उत्पादनं, १२ महिने आणि ४ व्हर्जन धरली, तर गुणाकार ११ कोटी ५२ लाखांवर जातो. एवढे रकाने कोण भरणार? वसुली विभागाला उत्पादनाशी देणंघेणं नसतं, गोदामाला जाहिरातीचं खातं नसतं. शेकड्यातले बहुतांश रकाने कधीच भरले जात नाहीत, आणि या सॉफ्टवेअरमधली निम्मी हुशारी या रिकामपणाला जागा न देता पुढे जाण्यात खर्च झालीय. आता बेरजेवर टाकलेला आकडा समान वाटायचं ठरवलंत आणि हात जरा वरच्या पातळीवर पडला, तर याच रिकाम्या रकान्यांत इवलेइवले आकडे जाऊन बसतात. जिथे माणूस नाही, उत्पादन नाही, खर्च नाही, तिथेही शून्यानंतर चार दशांश स्थळं. सिस्टीम अचानक जड होते, साधा रिपोर्ट उघडायलाही वेळ लागतो, आणि आयटीवाले फोन करून विचारतात, "काय टाकलंत?" म्हणून लोक 'गेल्या वर्षीच्या प्रमाणात'वर बोट ठेवतात. गेल्या वर्षी जिथे काही होतं, तिथेच यंदा काही जाईल. तांत्रिक दृष्ट्या तेच शहाणपणाचं.

पण त्यात एक मेख आहे, आणि ती प्रत्येक विभागप्रमुखाला पाठ असते. गेल्या वर्षी ज्यानं फुगवून मागितलं, त्याला यंदा त्या फुगीवर वाढ मिळते. ज्यानं काटकसर केली, त्याची काटकसर कायमची. म्हणून मग वर्षाच्या शेवटच्या महिन्यात अचानक खुर्च्या बदलल्या जातात, प्रशिक्षणं निघतात, प्रिंटरचे टोनर कपाटात रचून ठेवले जातात. या रोगावर औषधंही निघाली. पीटर पायर यांनी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीत शून्याधारित बजेट मांडलं: गेल्या वर्षाचं काही धरायचं नाही, प्रत्येक खर्च नव्यानं सिद्ध करायचा. जिमी कार्टर यांनी ते आधी जॉर्जिया राज्यात आणि पुढे १९७७ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारात नेलं. रेगन आल्यावर १९८१ मध्ये ते गुंडाळलं गेलं. शून्यातून सगळं सिद्ध करायला जे कागद लागतात, त्यांचाच डोंगर होतो, हे ज्यानं एकदा केलंय त्याला सांगावं लागत नाही. स्वीडनच्या हँडल्सबँकेनं तर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बँकेचे प्रमुख यान वॉलँडर यांच्या काळात वार्षिक बजेटच बंद केलं आणि बँक आजही उभी आहे. अर्थतज्ज्ञ मायकेल जेन्सन यांनी २००१ मध्ये लिहिताना याहून स्पष्ट बोट ठेवलं होतं: बक्षीस बजेटच्या आकड्याला बांधलं की आपण लोकांना खोटं बोलण्याचे पैसे देतो. हे वाचून मी मान डोलावली होती आणि त्याच दुपारी बोनसच्या तक्त्यात बजेटची टक्केवारी जोडत बसलो होतो. पोटापाण्याचं काम आहे.

बाईंच्या फोननंतर दोन दिवसांनी मी त्यांच्या विभागात गेलो. त्यांनी कपाटाशेजारच्या संगणकावर स्वतःची एक्सेल फाईल उघडून दाखवली. अशी फाईल प्रत्येक विभागात असते, आणि अधिकृत उत्तर असं की ती नसावी. सगळं एकाच ठिकाणी, एकच सत्य, हे वाक्य सॉफ्टवेअर विकणारे प्रत्येक सादरीकरणात म्हणतात. बाईंच्या फाईलमध्ये अकरा ओळी होत्या, प्रत्येकीत एक नाव. शेजारच्या स्तंभात त्यांच्या टिपा. 'गुडघ्याचं ऑपरेशन, मार्चनंतर रात्रपाळी नको.' 'मुलीची परीक्षा, रजा नक्की मागेल.' 'दुसरीकडे मुलाखती देतोय, विचारू नये, पण बदली शोधून ठेवावी.' आणि एका नावासमोर नुसतं 'बॉयलर फक्त यालाच कळतो'. ही शेवटची ओळ वाचून मला जरा गरगरलं. त्या एका माणसावर एवढी मोठी यंत्रणा चालत होती, आणि आमच्या घनातल्या असंख्य रकान्यांत तो इतर दहा जणांसारखाच 'एक' होता.

म्हणून अशा फाईलींच्या बाजूनं लिहावं असं वाटतं. पण मला त्यांची भीतीही वाटते. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत, कारण मधल्या टप्प्यावर एक्सेलचा जुना फाईल-प्रकार वापरला होता आणि त्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी गुपचूप गळून पडल्या. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेत कळवायचं राहून गेलं. जे. पी. मॉर्गनच्या लंडनमधल्या २०१२ च्या प्रचंड नुकसानीनंतर बँकेनंच केलेल्या चौकशीत निघालं, की जोखीम मोजायचं प्रारूप एका फाईलमधून दुसऱ्या फाईलमध्ये हातानं कॉपी-पेस्ट करत चालत होतं, आणि एका ठिकाणी सरासरीऐवजी बेरजेनं भागलं गेल्यामुळे चढउतार बहुधा निम्मेच दिसत होते आणि जोखीम कमी भासत होती. बाईंची फाईल त्यांच्या संगणकावर होती. पासवर्ड नव्हता, दुसरी प्रत नव्हती. त्या निवृत्त झाल्या की 'बॉयलर फक्त यालाच कळतो' हे वाक्यही जाणार. मी म्हणालो, "याची एक प्रत सर्व्हरवर ठेवा." त्या म्हणाल्या, "आणि मुलाखतीची ओळ कोण वाचेल?" याला मी काय बोलणार.

वरच्या मजल्यावर मात्र याच आकड्यांचं रूप पार वेगळं असतं. तिथं डॅशबोर्ड असतो. हिरवा, पिवळा, लाल. मनुष्यबळाचा गोल हिरवा होता, कारण ४३४ पैकी ४३४ वाटून झाले होते. या गोलांकडे बघताना मला नेहमी चिलीची आठवण येते. १९७१ ते १९७३ मध्ये तिथं राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांच्या सरकारनं ब्रिटिश तज्ज्ञ स्टॅफर्ड बीअर यांच्या मदतीनं सरकारी कारखान्यांची माहिती टेलेक्सनं राजधानीत आणून एका खोलीत दाखवायचा घाट घातला होता. त्या खोलीचे फोटो आजही डोळ्यांत भरतात: गोल मांडलेल्या सात खुर्च्या, हातांवर बटणं, भिंतीवर झळकणारे आलेख. कागद ठेवायला टेबल नाही, मुद्दामच. आणि त्या भिंतीवरचे आलेख? ते स्लाइड होत्या, चित्रकारांनी हातानं काढलेल्या. बटण दाबलं की मागचा प्रोजेक्टर स्लाइड बदलायचा. लष्करी उठावात तो सगळा प्रकल्प संपला आणि ती खोली नेहमीच्या वापरात कधी आलीच नाही. लोक हे हसण्यासारखं म्हणून सांगतात. मला त्यात हसू येत नाही. आमच्याकडेही महिन्याचा पडदा 'आपोआप' उजळण्याआधी दोन रात्री कुणीतरी खाती जुळवत, कंपनीअंतर्गत व्यवहार वजा करत, एका विभागाचा राहिलेला आकडा फोन करून मिळवत बसलेलं असतं. फरक इतकाच की त्यांच्या चित्रकारांची आज निदान आठवण तरी निघते.

त्या चौदा माणसांचं पुढे काय झालं, तेही सांगतो. बाईंनी मागे न हटता लेखी विचारलं, म्हणून वाटणी रद्द झाली आणि विभागप्रमुखांची बैठक लागली. मला वाटलं होतं, आता खरं न्यायाचं काम होईल. काचेच्या त्या खोलीत हवा गार आणि माणसं तापलेली. विक्रीवाले आलेख घेऊन आले होते. गोदामाच्या प्रमुखांनी गेल्या वर्षीच्या अपघाताचा उल्लेख केला, तो खरं तर मनुष्यबळाशी संबंधित नव्हता, पण त्यानंतर कुणी त्यांच्याविरुद्ध बोलेना. वसुलीचे प्रमुख मितभाषी आहेत. त्यांना बोलायची पाळी आली तोवर तेरा जागा गेल्या होत्या. चौदावी कुणाला, यावर इतका वेळ गेला की बाहेर पुढच्या बैठकीचे लोक काचेतून आत बघायला लागले. बाईंना एक माणूस मिळालं. वसुलीला काहीच नाही. तेव्हापासून वसुलीचे प्रमुख बाईंशी कामापुरतंच बोलतात.

याचा मला अजून नीट उलगडा होत नाही. त्रैराशिकानं वसुलीला निदान अर्ध्याच्या वर माणूस दिलं होतं. ते कामाचं नव्हतं हे खरं, पण त्यात कुणाचा आवाज मोठा, कुणाची ओळख वरपर्यंत, हे मोजलं नव्हतं. बैठकीनं सगळ्यांना अख्खी माणसं दिली आणि ती बोलणाऱ्यांना दिली. तरीही, उद्या कुणी विचारलं की वसुलीला शून्य का, तर त्या खोलीतली माणसं दाखवता येतील. त्यांना उत्तर द्यावं लागेल, गुळमुळीत का होईना. मला यात बैठक जास्त बरी वाटते. वसुलीच्या प्रमुखांना वाटत नाही. एकदा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "तुमचं मशीन बरं होतं हो."

मध्यंतरी आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. तिच्यात दोन सोयी आहेत. पहिली, मागच्या आकड्यांवरून पुढच्या वर्षाचा अंदाज ती स्वतः भरून देते. आपण फक्त मान्य करायचं. दुसरी सोय शेऱ्यांची. बजेट आणि प्रत्यक्ष यांत ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला की आजवर विभागप्रमुखाला दोन ओळींत कारण लिहावं लागायचं. ते आता सिस्टीम लिहिते, व्याकरणशुद्ध, नम्र भाषेत. चाचणीत तिनं लिहिलेला एक शेरा असा होता: 'प्रवासखर्चातील वाढ ही मुख्यत्वे प्रवासाच्या प्रमाणात झालेल्या वाढीमुळे आहे.' मी तो मोठ्यानं वाचला तेव्हा खोलीत हशा पिकला. पण माझा तरुण सहकारी हसला नाही. पहिली सोय आम्ही घेतली. निदान सुरुवातीचा मसुदा म्हणून ती वाईट नाही, आणि काही खात्यांत तिचा अंदाज आमच्यापेक्षा जवळ निघतो. शेऱ्यांची सोय तूर्त बंद ठेवावी असं मी सुचवलं. त्यावर आमचा वाद सुरू आहे.

सहकाऱ्यानं गेल्या वर्षीचे माणसांनी लिहिलेले शेरे काढून माझ्यापुढे ठेवले. पानंच्या पानं 'टायमिंग डिफरन्स', म्हणजे खर्च आधी-नंतर नोंदल्यानं पडलेला फरक. मध्येच 'वरीलप्रमाणे', आणि वर काहीच नाही. एका ठिकाणी नुसता पूर्णविराम, कारण रकाना रिकामा ठेवला की फॉर्म सबमिट होत नाही. "यापेक्षा मशीनचं वाईट काय?" तो म्हणाला. मुद्दा बिनतोड होता. मी त्याला त्यातला एक 'टायमिंग डिफरन्स' दाखवला. त्याच्यामागे काय होतं, ते मी तेव्हा फोन करून विचारलं होतं. एका प्रमुखानं दुरुस्तीचं बिल टेबलाच्या खणात ठेवून पुढच्या तिमाहीत पाठवलं होतं, चालू तिमाही हिरवी दिसावी म्हणून. आडवळणानं दोनदा विचारल्यावर त्यानं स्वतःच सांगितलं, आणि आम्ही ती रक्कम योग्य तिमाहीत घेतली. "म्हणजे माणसानं लिहिलेलंही खोटंच होतं," सहकारी म्हणाला. मी म्हटलं, होतं, पण लिहिणाऱ्याला विचारता आलं. तो म्हणाला, "मग शेरा मशीनला लिहू द्या आणि फोन तुम्ही करा. वेळ वाचेल, तेवढे फोन जास्त होतील." हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. आता विचार करतोय, की शेरा लिहिण्यासाठी कुणीच बसलं नाही, तर फोनवर सांगायला त्याच्याकडे काय असेल. बिल खणात आहे हे त्या प्रमुखाला पक्कं ठाऊक होतं, कारण खोटी का होईना, पण दोन ओळी त्याला स्वतःला टाईप कराव्या लागल्या होत्या. सहकाऱ्याला हा मुद्दा फारसा पटलेला नाही. तिमाही संपायच्या आत निर्णय घ्यायचाय, आणि वसुलीच्या प्रमुखांनी आपलं मत त्याच्या बाजूनं कळवलंय.